वाचक विचारतात: मे महिना, पहाटेचं जंगल आणि रानटर्की

गेल्या अंकात अपस्टेट न्यूयॉर्कच्या (म्हणजे न्यूयॉर्क शहर सोडून राज्याच्या उत्तरेकडच्या भागाच्या) वसंत ऋतूवर लिहिताना मी जाता जाता एवढंच म्हटलं होतं की मे महिन्यात इथे रानटर्कीच्या शिकारीचा सीझन असतो आणि त्या दिवसांत मी सकाळी घरी सापडत नाही. बाकी सगळा लेख ट्युलिप, लायलॅक आणि उशिरा वितळणाऱ्या बर्फावर होता, त्यातलं कोणी काहीही विचारलं नाही, सगळ्या मेल टर्कीवर. काही कौतुकाच्या, काही चांगल्याच झणझणीत. म्हणून या वेळचा पूर्ण कॉलम त्यावरच, पत्रं थोडी छाटून घेतलीयेत.

प्रश्न: काका, मी रोचेस्टरला आयटीत आहे. गावी आजोबांच्या भिंतीवर एक जुनी बंदूक टांगलेली असायची, शिकारीशी संबंध तेवढाच. ऑफिसमधला मित्र मेमध्ये टर्कीला चल म्हणतोय, पण पहाटे साडेतीनला उठायचं म्हणे. एवढ्या अंधारात जाऊन नक्की करतात काय? आणि दुपारी बाराला सगळं बंद का होतं?

साडेतीन म्हणजे मित्र तसा दयाळू आहे. मेच्या सुरुवातीला तुमच्याकडे सूर्य सहाच्या जरा आधी उगवतो आणि न्यूयॉर्कात हा सीझन १ ते ३१ मे, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी १२ पर्यंतच बार काढता येतो. पण उजाडायला लागल्यावर जंगलात शिरलात तर उपयोग नाही, कारण टर्की रात्री झाडावर झोपतो. हो, ७ ते १० किलोचा पक्षी, उंच ओकच्या नाहीतर पाइनच्या फांदीवर, आणि तो चांगला उडतो पण. उजाडायच्या आत तुम्ही त्याच्या झाडापासून १००-१५० यार्डांवर, टॉर्च न मारता, काटकी न मोडता जाऊन बसलेले पाहिजेत. त्याहून जवळ गेलात तर तो वरून बघतो आणि मग त्या सकाळी तुमच्या वाट्याला फक्त पंखांचा फडफडाट.

आता कुठलं झाड हे कसं कळतं? मित्र बहुतेक आदल्या संध्याकाळी जाऊन घुबडाचा आवाज काढून येणार. हसू नका, खरंच. इथे बार्ड आउल नावाचं घुबड आहे, त्याच्या हाकेला ठरलेला ठेका असतो, ते ओरडलं की झोपायला चढलेला नर टर्की न राहवून गॉबल करतो, म्हणजे आपली हाक देतो. त्याला घुबडाशी काही घेणंदेणं नसतं, मोठा आवाज झाला की उत्तर द्यायचं एवढंच त्याला कळतं, कावळा ओरडला तरी देतो, गाडीचं दार आपटलं तरी देतो, ढग गडगडले तरी देतो. याला इथले लोक शॉक गॉबल म्हणतात. तो एक आवाज मिळाला की रात्रीचा मुक्काम कळला.

पहाटे बसायचं ते आपल्या खांद्यापेक्षा रुंद खोडाला पाठ टेकून. त्याने तुमचा आकार झाकला जातो आणि मागून कोणी चुकून बार काढलाच तर पाठ वाचते, दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. डोक्यापासून पायापर्यंत कॅमो, म्हणजे झाडीत मिसळून जाणारे कपडे, तोंडाला जाळी, हातात ग्लोव्हज, गुडघा वर करून त्यावर बंदूक. टर्कीला वास जवळजवळ येत नाही, त्यामुळे कॉफी खुशाल प्या, हरणाच्या शिकारीतला वासाचा तो सगळा तमाशा इथे नाही, पण डोळे असे की मान जराशी वळवली तर चहूबाजूचं दिसतं, आणि रंग पण दिसतात. डास नाकावर बसला तर बसू द्यायचा. माझ्या ओळखीत धडधाकट, मॅरेथॉन पळणारी माणसं आहेत ज्यांना हे वीस मिनिटं जमत नाही.

मग आधी रॉबिन पक्षी बोलायला लागतात, मग कार्डिनल, आणि मग तो पहिला गॉबल येतो. शांत सकाळी मैलभरावरून ऐकू येतो, जवळ असेल तर छातीत जाणवतो. इथे तुमचा मित्र कॉल नावाच्या, टर्कीचा आवाज काढायच्या साधनाने मादीचा हलका आवाज काढेल, तीन-चार यॅल्प, झाडावरच जागी झालेली मादी कुजबुजते तेवढेच. आणि मग गप्प बसेल. नवखे नेमके इथेच घसरतात, त्याने उत्तर दिलं की आनंदाने परत वाजवतात, तो परत बोलतो, हे परत वाजवतात, आणि तो झाडावरून उतरतच नाही. कारण निसर्गाचा हिशोब उलटा आहे ना, नर ओरडतो आणि माद्या त्याच्याकडे चालत जातात, आपण त्याला सांगतोय की बाबा तू ये. तो कशाला येईल? तो ८० यार्डांवर उभा राहून पिसारा फुलवून मोरासारखा मिरवत बसतो, की बाई तूच ये. मध्ये एखादा ओढा नाहीतर तारेचं कुंपण असेल तर तासभर तिथेच. त्याला गप्प बसून शंकेत पाडायचं, की ही निघून तर गेली नाही, हाच सगळा खेळ आहे, बंदूक शेवटच्या दोन सेकंदांपुरती.

आलाच तर आधी दिसणार नाही, ऐकू येईल. फुस्स असा हवेचा आवाज आणि लगेच मागे खूप खालच्या पट्टीतली घरघर, कानाला कमी आणि अंगाला जास्त कळणारी. याला ड्रमिंग म्हणतात, हे ऐकू आलं म्हणजे तो अगदी जवळ आहे, आता पापणी पण जपून. मग झुडपाआडून डोकं येतं, बिनपिसाचं, आणि त्या डोक्याचा रंग बघता बघता बदलतो, लाल, पांढरा, निळा, चोचीवरून लोंबणारं ते मांसल बोंडुक लांब होतं आणि आखडतं. नेम धरायचा मान आणि डोकं यांच्यावर, तो पिसारा मिटून मान ताठ करेल तेव्हा, आणि ४० यार्डांच्या आत असेल तरच. छर्रे अंगावर गेले तर पक्षी जखमी होऊन पळतो आणि झाडीत मरतो, त्यापेक्षा बार न काढलेला बरा. म्हणूनच सीझनच्या आधी कागदावर आपल्या बंदुकीचे छर्रे किती अंतरावर किती पसरतात ते बघून ठेवतात.

हे झालं चांगल्या सकाळचं. बहुतेक सकाळी तो झाडावरून पलीकडच्या बाजूला उतरतो, खऱ्या माद्या त्याच्याबरोबर असतात, आणि गॉबल लांब लांब जात बंद होतो. तेव्हा नवखे लोक सातला घरी येऊन झोपतात. तुम्ही थांबा. मित्राला म्हणा जरा फिरू, आणि जमीन वाचायला शिका, उकरलेला पाला, धुळीत लोळल्याचे खड्डे, विष्ठा पण सांगते कोण गेलं ते, नराची लांबट आणि टोकाला वळलेली, मादीची गोळा होऊन पडलेली. साडेनऊ-दहाला माद्या अंडी घालायला नाहीतर उबवायला निघून जातात, नर एकटा पडतो, आणि पहाटे भाव न देणारा तोच गडी एका यॅल्पवर चालत येतो. बाराला बंद करण्यामागे हाच जुना विचार आहे, घरट्यावरच्या माद्यांना दिवसभर माणसांचा त्रास नको. सगळ्या राज्यांत हीच वेळ नसते, आपल्या राज्याचं पुस्तक दर वर्षी नव्याने बघायचं.

प्रश्न: मी एचवन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. मित्राची शॉटगन घेऊन गेलो तर चालेल ना? त्याच्याकडे लायसन्स आहे.

नाही, असं चालणार नाही, आणि हे हलक्यात घेऊ नका. अमेरिकेत नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगताच येत नाही, नोकरीचा एचवन, विद्यार्थ्यांचा एफवन, सगळे यात येतात. विकत घेणं सोडा, मित्राची धरणं पण नाही. पण याच कायद्यात एक अपवाद आहे, तुमच्या स्वतःच्या नावावर अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकार लायसन्स असेल तर ती बंदी लागू होत नाही. मित्राचं लायसन्स मित्रापुरतं.

म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, त्याशिवाय न्यूयॉर्कात पहिलं लायसन्स मिळत नाही. बरेचसे लोक तो ऑनलाइन अभ्यास करून मग एक दिवस प्रत्यक्ष जाऊन पूर्ण करतात, शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि प्रश्नांना कंटाळत नाहीत. मग राज्याचे रहिवासी असाल तर लायसन्स २२ डॉलर आणि टर्कीचं परमिट वेगळं १० डॉलर. एक गोष्ट आपली माणसं विसरतात, हे लायसन्स १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं चालतं, रिन्यू करायचं राहिलं आणि बंदूक घरात पडून असेल तर अपवाद संपला आणि गुन्हा सुरू झाला. ग्रीन कार्डवाल्यांना ही विशिष्ट बंदी नाही. राज्याचे आणि काही शहरांचे कायदे याच्यावर आणखी असतात, तेव्हा ग्रीन कार्डची फाइल पुढे सरकत असेल तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकून विचारा. आणि लायसन्स हातात येईपर्यंत मित्राची बंदूक धरून फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायची हौस आवरा.

पहिल्या वर्षी रिकाम्या हाताने नुसतं बघायला गेलात तरी काही कमी पडत नाही. मात्र काही राज्यांत दुसऱ्यासाठी कॉल वाजवणं पण शिकारीत धरतात, म्हणून तुम्ही बसून राहा, वाजवू दे त्याला.

प्रश्न: तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. प्रजननाच्या काळात, माद्यांना भुलवून आणायच्या आवाजाने नर मारायचे, आणि त्याला छंद म्हणायचं? आमच्या डोंबिवलीत चिमण्या राहिल्या नाहीत म्हणून आम्ही घरटी टांगतो आणि तुम्ही हे लिहिता.

राग समजला, आणि मारणं म्हणजे मारणंच, त्याला मी मऊ शब्द शोधणार नाही. ज्याला ते पटत नाही त्याला मी पटवायला पण जाणार नाही. फक्त टर्की संपतोय या काळजीवर थोडं सांगतो, कारण गोष्ट वेगळीच आहे.

न्यूयॉर्क राज्यातून रानटर्की १८४० च्या दशकातच नाहीसा झाला होता. जंगलं तोडून शेती झाली आणि जे उरले ते बाजारासाठी मारले गेले, तेव्हा ना सीझन ना मर्यादा. १९३० च्या दशकात सगळ्या अमेरिकेत मिळून २ लाखांच्या आत टर्की उरले होते. मग शेती सुटत गेली, डोंगरउतारावर जंगल परत वाढलं, आणि १९४८ च्या सुमाराला पेनसिल्वेनियातून काही टर्की स्वतःच्या पायांनी सीमा ओलांडून न्यूयॉर्कात आले. सरकारने आधी फार्मवर वाढवलेले टर्की सोडून बघितले होते, ते टिकले नाहीत, त्यांना जगायचं कसं हेच कोणी शिकवलं नव्हतं. जमलं ते जंगली पक्षी पकडून नव्या जागी सोडण्यामुळे, दाणे टाकून थवा जमवायचा आणि तोफेसारख्या यंत्राने वरून जाळं उडवायचं. न्यूयॉर्कात हे १९५९ पासून सुरू झालं. आज देशात रानटर्की ६० लाखांच्या घरात आहेत.

आणि याला पैसे कुठून आले? मोठा वाटा शिकाऱ्यांच्या खिशातून. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो, वर लायसन्सची फी. तुमच्या घरट्यांना असा कोणी कर भरत नाही हे मात्र खरं, ती तुम्ही पदरमोड करून टांगता, त्याचं मला खरंच कौतुक आहे.

वसंतातच का, तर न्यूयॉर्कात या दिवसांत छातीवर दाढी, म्हणजे केसांसारखा लोंबणारा झुपका, असलेलाच पक्षी मारता येतो, आणि दाढी बहुतेक नरांनाच असते, थोड्या माद्यांना येते. एक नर अनेक माद्यांना पुरतो. मादी एकदा जुळली की पुढे बरेच दिवस फळणारी अंडी घालू शकते, दहा-बारा अंडी, २८ दिवस उबवते, पिलांकडे नर ढुंकून बघत नाही. सीझन मेमध्ये ठेवतात तो तोपर्यंत बऱ्याच माद्या जुळून झालेल्या असाव्यात म्हणून. हे सगळं बिनचूक आहे असं पण नाही बरं का. न्यूयॉर्कात टर्कीची संख्या २००१ च्या आसपास शिगेला होती आणि नंतर उतरली, पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत हेच झालं, आणि सीझन फार लवकर तर उघडत नाही ना यावर तिथले जीवशास्त्रज्ञ आता उघडपणे वाद घालतात. काही राज्यांनी तारखा पुढे ढकलल्या, मर्यादा कमी केल्या. मला विचाराल तर बरोबर केलं, दोनाच्या जागी एकच मिळाला म्हणून कोणी उपाशी राहत नाही.

प्रश्न: माझा मुलगा शिकायला तिकडे आहे आणि मित्रांबरोबर टर्कीच्या शिकारीला जातो म्हणतो. कॅमो घालून झुडपात बसलेल्या माणसाला दुसरा शिकारी मारत नाही का? मला नाशिकमध्ये बसून झोप येत नाही.

ताई, भीती अगदी रास्त आहे, टर्कीच्या सीझनमधले अपघात बरेचसे याच प्रकारचे असतात, माणसाला टर्की समजून. तुमच्या मुलाला तीन-चार गोष्टी विचारा, उत्तरं आली की निवांत झोपा.

लाल, पांढरा, निळा यातलं अंगावर काहीही नको. नराच्या डोक्याचे हेच रंग. शर्टाच्या आत डोकावणारा पांढरा बनियन, खिशातला लाल रुमाल, मोज्यांची पांढरी पट्टी, काही नाही. दुसरं, गॉबल ऐकू आला म्हणून त्याच्या दिशेने लपतछपत जायचं नाही, तिकडे टर्की नसून कॉल वाजवणारा दुसरा शिकारी असू शकतो, आणि तो पण हेच करत असेल. तिसरं, समोरून माणूस येताना दिसला तर हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज तर मुळीच काढायचा नाही, जागचं न हलता मोठ्याने ओरडून सांगायचं की मी इथे आहे. सकाळ वाया गेली तर गेली. आणि पक्षी मिळाला तर तो खांद्यावर टाकून मिरवत यायचं नाही, नारिंगी कापडात गुंडाळून आणायचा, खऱ्याला भुलवायला नकली टर्की नेला असेल तर तो सुद्धा. न्यूयॉर्कात टर्कीसाठी नारिंगी सक्तीचं नाही, पण चालताना टोपी घातली तर काय बिघडतं. शिवाय तिथे टर्कीला रायफल चालत नाही, शॉटगन आणि छर्रेच, गोळी मैलभर जात नाही एवढा तरी दिलासा.

मला विचाराल तर त्याला बंदुकीपेक्षा गोचीड जास्त गाठणार आहे. ईशान्येकडच्या जंगलात मे-जूनमध्ये काळ्या पायाच्या गोचिडीची पिल्लं असतात, खसखशीच्या दाण्याएवढी, आणि त्यातून लाइम नावाचा आजार होतो, अंगावर लाल वर्तुळ, ताप, नंतर सांधे. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारायचं, अंगावर नाही, पॅन्ट मोज्यात खोचायची, घरी आल्यावर अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागे, केसांत बोटांनी चाचपायचं. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, काडेपेटी वगैरे घरगुती प्रयोग नकोत. लवकर कळलं तर साध्या अँटिबायोटिकने बरं होतं.

प्रश्न: शेजाऱ्यांनी साफ केलेला रानटर्की आणून दिलाय, अर्धा फ्रीजर भरला. थँक्सगिव्हिंगला अख्खा भाजतात तसाच करायचा का? मी न्यू जर्सीत, घरी सगळे कोल्हापूरचे.

अख्खा भाजू नका, ताई, चामड्यासारखा होईल. दुकानातला टर्की म्हणजे छाती वाढवून वाढवून तयार केलेली जात, त्याला उडता तर येतच नाही, आपसूक जुळता पण येत नाही, कृत्रिम रेतन करतात. रानातला आयुष्यभर पळालेला असतो, चरबी नाही, पायाचं मांस गडद. तेव्हा छाती वेगळी, तंगड्या वेगळ्या, हे दोन वेगळे प्राणी समजा.

तंगड्यांत शिरा असतात त्या हाडासारख्या कडक, त्या आधी ओढून काढायच्या मागे लागू नका, कांदा-खोबऱ्याचं वाटण, आलं-लसूण, आणि घरच्या चटणीत कुकरला लावा, बारीक गॅसवर पाऊण तास तरी. मग मांस आपोआप सुटतं आणि शिरा वेचून फेकता येतात. तांबडा रस्सा फक्कड होतो, चिकनच्या रश्श्याला नाही ती चव येते. छाती मात्र आडवी कापून पातळ काप, दही, हळद, मिरपूड लावून तासभर ठेवा, तव्यावर पटकन परता, आतून ७४ अंश सेल्सियस झालं की खाली उतरवा, आणखी पाच मिनिटं ठेवलं की रबर. कलेजी-पेटा दिला असेल तर तो सुकाच करा. आणि शिजवायच्या आधी मानेलगतचं मांस बोटांनी नीट चाचपा, छर्रा राहिला असेल तर दाताला लागतो, डेंटिस्टचं बिल टर्कीच्या लायसन्सपेक्षा बरंच जास्त असतं. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांना सांगा गळ्याची दाण्याची पिशवी न फोडता दाखवा म्हणून, मुलांना मजा वाटते, कधी ओकची बोंडं, कधी कोवळं गवत, कधी नुसते किडे.

प्रश्न: आमच्या मडगावात नाताळाला टर्की असतोच. तो हाच का? इथे कधी आला?

जात एकच, पण नाताळाचा टर्की पाळीव, त्याचे पूर्वज मेक्सिकोतले. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून युरोपात नेला. आणि तुमच्या गोव्याचा यात मानाचा वाटा आहे. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा माणूस मुकर्रब खान गोव्याला जाऊन पोर्तुगीजांकडून नवलाईच्या वस्तू विकत घेऊन आला, त्यात टर्की होता. जहांगीर खूश झाला, त्याने आठवणींत बारकाईने लिहून ठेवलंय की या पक्ष्याचं डोकं-मान क्षणात लाल होते, क्षणात कापसासारखी पांढरी, मग निळसर. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. वर मी झुडपाआडून येणाऱ्या डोक्याचं जे वर्णन केलं ते बादशहाने चारशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय, माझ्यापेक्षा चांगलं.

प्रश्न: आपल्याकडे रानकोंबड्यावर असं काही करता येईल का? आमचं कोयनेकडे घर आहे.

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. रानकोंबडा, मोर, तितर, काही नाही, फासे पण नाहीत. कोयनेकडे घर आहे म्हणजे पहाटे गच्चीवर बसून त्याचं आरवणं ऐका, फुकट आहे.

प्रश्न: काका, मी तेरा वर्षांचा आहे, एडिसनला राहतो. मला बंदूक वगैरे नकोय, मला फक्त तो आवाज काढायचाय. कुठला कॉल घेऊ? फोनवर ॲप आहे ते चालेल का?

या महिन्यातलं सगळ्यात आवडलेलं पत्र तुझं.

बॉक्स कॉल घे. लाकडाची लांबट डबी, वर हलणारं झाकण, झाकण कडेवर घासलं की यॅल्प निघतो, पहिल्याच दिवशी काहीतरी बरं वाजतं. पाटीवर काडी घासायचा पॉट कॉल जास्त गोड आणि हळू वाजतो पण त्याला दोन्ही हात अडकतात आणि काडी कशी धरायची हे हाताला बसायला वेळ लागतो. तोंडात ठेवायचा डायफ्राम सगळ्यात भारी, हात मोकळे राहतात, पण तुझ्या वयाला दाताला ब्रेसेस असतील तर तो टाळूला नीट बसत नाही, आणि आधीचे कित्येक दिवस नुसता मळमळल्याचा आवाज येतो.

ॲप घरी ऐकायला उत्तम. खऱ्या माद्यांचे आवाज ऐक, मध्ये किती वेळ थांबतात ते ऐक, आवाजापेक्षा ते थांबणं जमायला अवघड. जंगलात शिकार करताना मात्र फोनवरून आवाज लावायला न्यूयॉर्कसकट बऱ्याच राज्यांत मनाई आहे. आणि एक, एप्रिलमध्ये बाबांबरोबर रानात गेलास तर तिथे वाजवायचा नाही, नुसतं ऐकायचं. नर आवाजावर आला, मादी नाही, निळं जॅकेट घातलेला मुलगा दिसला, की तो ते लक्षात ठेवतो आणि मेमध्ये लोक तुझ्या नावाने खडे फोडतात. प्रॅक्टिस गाडीत कर, काचा लावून, घरात केलीस तर आई डबी लपवून ठेवेल. झाकणाला लावायचा खडू कॉलच्या दुकानातलाच घे, शाळेतला चालत नाही, त्याने लाकूड गुळगुळीत होऊन आवाजच जातो. पाऊस असेल तर ब्रेडची रिकामी पिशवी ने आणि डबी आत धरून वाजव, भिजली की दोन दिवस वाळत ठेवावी लागते, आणि हेअर ड्रायर मारू नकोस, तडा जातो.